बीज, क्षेत्र आणि साखर : गरोदरपणातल्या मधुमेहाच्या आनुवंशिकतेचा इतिहास



विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. हा विषय डॉक्टरांचा नाही का?" त्याचं म्हणणं बरोबर आहे. मी आज कुणाला औषध सांगणार नाही, पथ्यही सांगणार नाही. पण मी पस्तीस वर्षं वर्गात 'कारण' हा एकच शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी शिकवला. अमुक गोष्ट अमुक गोष्टीमुळे झाली असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं काय म्हणतो? गरोदर बाईच्या रक्तातली साखर वाढली, की घरात हाच प्रश्न उभा राहतो. फक्त घरात तो 'कशामुळे' असा विचारला जात नाही, 'कुणामुळे' असा विचारला जातो. या दोन शब्दांमधल्या अंतराचा इतिहास मला आज सांगायचा आहे.

सुरुवात स्वतःपासून करतो. माझी पत्नी समोर बसली आहे, तिला विचारूनच सांगतोय. १९७७ साली आमचं पहिलं मूल नवव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगा होता, साडेनऊ पौंडांचा. नर्सबाई म्हणाल्या, "केवढं गुटगुटीत होतं हो." सबंध गरोदरपणात त्या दवाखान्यात तिची साखर एकदाही तपासली गेली नव्हती. तेव्हा बऱ्याच ठिकाणी तपासत नसत, म्हणून मी कुणाला दोष देत नाही. पण आमच्या घरात दोष दिला गेला. सासऱ्यांना मधुमेह होता. माझी आई म्हणाली, "साखरेचं दुखणं तिच्या माहेरचं. तिथूनच आलं." आई दुष्ट नव्हती. तिलाही नातू गेल्याचं दुःख होतं आणि दुःखाला कारण लागतं. मी त्या वेळी कॉलेजात ह्यूम शिकवत होतो. एकामागून एक घडलेल्या दोन गोष्टींना आपण कारण आणि कार्य म्हणतो, त्याला आधार काय, हे मुलांना तावातावाने सांगत होतो. आणि घरात गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून बोचतं. हे व्याख्यान त्याचं उशिरा दिलेलं उत्तर आहे, असं समजा.

बीज मोठं की शेत?

आपल्याकडे हा प्रश्न जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात प्रमेहाचे दोन प्रकार केले आहेत. एक सहज, म्हणजे जन्मासोबत आलेला, आईबापांच्या बीजदोषातून आलेला. दुसरा अपथ्यातून आलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा बहुधा स्थूल. चरकानेही कुळातून आलेल्या मधुमेहाला असाध्य म्हटलं आहे. आधुनिक वर्गीकरण तिथे जसंच्या तसं सापडतं, असा दावा मी करणार नाही. तसे दावे करणारे पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट लक्षात घ्या. सुश्रुत बीजदोष म्हणतो तेव्हा आई आणि बाप, दोघांचं नाव घेतो.

आता धर्मशास्त्राकडे या. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची मोठी चर्चा आहे. पुरुष बीज, स्त्री क्षेत्र. शेत कुणाचंही असो, जे पेराल तेच उगवणार, म्हणून बीज श्रेष्ठ, असा तिथला कल. तिकडे ग्रीसमध्ये अॅरिस्टॉटलही जवळपास हेच सांगत होता. आकार बापाकडून, माती आईकडून. म्हणजे वंश चालवण्याचं श्रेय बीजाला. पण पीक बुडालं की बोलणी कुणाला? शेताला. जमीन खराब निघाली म्हणायचं. हा हिशेब हजारो वर्षं चालला आणि आमच्या घरात १९७७ सालीही चालला.

बर्लिनमधली एक बाई

वैद्यकाच्या इतिहासात या आजाराची पहिली नीट नोंद १८२४ची आहे. बर्लिनमध्ये हाइनरिश बेनेविट्झ नावाच्या तरुण डॉक्टरने लॅटिनमध्ये प्रबंध लिहिला. त्यातली रुग्ण बावीस वर्षांची होती आणि तिची ही पाचवी खेप. बावीसाव्या वर्षी पाचवी, याचा जरा विचार करा. तहान भागत नव्हती आणि लघवीत साखर जात होती. मूल झालं बारा पौंडांचं, बाळंतपणातच गेलं. बाळंतपणानंतर बाईची साखर मात्र ओसरली. बेनेविट्झने निष्कर्ष काढला की मधुमेह हे गरोदरपणाचंच एक लक्षण असलं पाहिजे.

बारा पौंडांचं मूल आणि त्याच्या मरणाचं आश्चर्य. माझ्या साडेनऊ पौंडांच्या मुलाच्या दीडशे वर्षं आधी हे लिहून ठेवलेलं होतं.

पुढे १८८२मध्ये लंडनच्या मॅथ्यूज डंकन यांनी मधुमेही स्त्रियांच्या बावीस गरोदरपणांचा आढावा घेतला. तो वाचवत नाही. आई जाते, मूल जातं, कधी दोघंही. त्या काळात मधुमेही तरुणी मूल होण्याच्या वयापर्यंत पोचणंच कठीण होतं. चित्र बदललं ते इन्शुलिनमुळे. १९२२च्या जानेवारीत टोरांटोत पहिल्यांदा माणसाला इन्शुलिन टोचलं गेलं आणि ज्या मुली मेल्या असत्या त्या जगल्या, वाढल्या, आयाही झाल्या.

इथे बॉस्टनच्या प्रिसिला व्हाइट यांचं नाव घेतलं पाहिजे. मधुमेही गरोदर स्त्रियांची काळजी कशी घ्यावी, हे जगाला ज्यांनी शिकवलं त्यांत त्या अग्रणी. १९४९चं त्यांचं वर्गीकरण डॉक्टर अनेक दशकं वापरत होते. पण त्याआधी, १९३३मध्ये, त्यांनी ग्रेगरी पिंकस यांच्यासोबत मधुमेहाच्या आनुवंशिकतेवर काम केलं. हे पिंकस म्हणजे पुढे संततिनियमनाच्या गोळीमुळे प्रसिद्ध झाले तेच. या दोघांनी सहाशेपंचाहत्तर कुटुंबांच्या हकिकती तपासल्या आणि म्हटलं, मधुमेह मेंडेलच्या नियमाने चालतो, एका अप्रभावी घटकामुळे. मेंडेलचा वाटाणा तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. पिवळा की हिरवा, गुळगुळीत की सुरकुतलेला. मधुमेहही तसाच, असला तर असला, नसला तर नसला.

हे चूक होतं. पण चूक का झाली, ते बघण्यासारखं आहे. कुटुंबाची हकीकत कशी गोळा करतात? विचारून. तुमच्या घरी कुणाला मधुमेह होता का? आता माझ्या घरचं सांगतो. माझे थोरले काका पायाच्या जखमेने गेले. घरात म्हणायचे, "पाय सडला." सतत पाणी प्यायचे, रात्रीतून चार वेळा उठायचे. त्यांची साखर कुणी कधी तपासली नाही. म्हणून आमचं घराणं निर्मळ आणि सासऱ्यांनी डॉक्टरकडे जाऊन तपासून घेतलं, म्हणून त्यांचं घराणं रोगी! आनुवंशिकतेची नोंद म्हणून आपण जे लिहितो, ती पुष्कळदा कोण तपासलं गेलं याची नोंद असते. हे मला कळायला फार वर्षं लागली.

घाटात गाडी तापते

१९५०नंतर दोन महत्त्वाच्या गोष्टी झाल्या. कोपनहेगनच्या यॉर्गन पेडरसन यांनी १९५२मध्ये मांडलं की आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्शुलिन मात्र जात नाही. म्हणून बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्शुलिन तयार करतं आणि बाळ अवाजवी वाढतं. त्या गुटगुटीतपणाचं गूढ हे होतं.

दुसरी गोष्ट बॉस्टनची. १९६४मध्ये जॉन ओ'सलिव्हन हे डॉक्टर आणि क्लेअर महान या संख्याशास्त्रज्ञ यांनी ७५२ गरोदर स्त्रियांना ग्लुकोज पाजून दर तासाला साखर मोजली आणि सीमा ठरवली. या आकड्याच्या वर गेलीस तर तुला गरोदरपणातला मधुमेह. पण तो आकडा कशावरून निवडला? पुढे त्या बाईला स्वतःला मधुमेह होतो का, यावरून. बाळाचा विचार त्या आकड्यात नव्हता. याचा अर्थ असा, की गरोदरपण ही एक परीक्षा आहे आणि ती पुढचं काही सांगते, हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

ही परीक्षा काय असते ते साध्या भाषेत सांगतो. एक्स्प्रेसवे नव्हता तेव्हा पुण्याहून मुंबईला जाणाऱ्यांना बोरघाट आठवत असेल. परतीच्या वाटेवर घाट चढताना किती गाड्या बॉनेट उघडून उभ्या असायच्या! त्याच गाड्या सपाटीवर ठणठणीत धावत. गरोदरपणाच्या उत्तरार्धाचं असंच आहे. वारेतून येणाऱ्या संप्रेरकांमुळे आईच्या शरीरावर इन्शुलिनचा परिणाम कमी होतो. हे मुद्दामच असतं, बाळाला साखर मिळावी म्हणून. मग आईच्या स्वादुपिंडाला दुपटीहून अधिक इन्शुलिन तयार करावं लागतं. बहुतेक जणींचं स्वादुपिंड हा घाट चढून जातं. काहींचं तापतं. उतार लागला, म्हणजे बाळंतपण झालं, की पुन्हा सगळं सुरळीत. पण इंजिन कुठे कमी पडतं, ते एकदा कळलेलं असतं. ज्या स्त्रीला गरोदरपणात मधुमेह झाला, तिला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सातपटीहून अधिक असतो.

माझ्या पत्नीला १९८९मध्ये मधुमेह निघाला. बारा वर्षांपूर्वी घाटात गाडी तापली होती, ते कुणी पाहिलंच नव्हतं.

एका नदीची आणि भावंडांची गोष्ट

आता अमेरिकेत जाऊ. अॅरिझोनात गिला नदीकाठी पिमा लोक राहतात. शेकडो वर्षं कालव्यांवर शेती करणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरच्या अंगाला वसलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांनी नदीचं पाणी वळवलं. शेती मेली, मग सरकारी शिधा आला, पीठ, साखर, चरबी. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक म्हणावं इतकं निघालं. १९६५पासून अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेने या लोकांचा सातत्याने अभ्यास केला.

त्याच सुमारास, १९६२मध्ये, जेम्स नील यांनी 'काटकसरी जनुका'चा सिद्धान्त मांडला होता. दुष्काळात जगायला मदत करणारी जनुकं सुबत्तेत घातक ठरतात, असा. कल्पना आकर्षक होती. पिमांवर ती इतकी चिकटली, की लोक म्हणू लागले, यांच्या रक्तातच आहे. नील यांनी स्वतः पुढे आपला सिद्धान्त बराच सैल केला, पण सिद्धान्त मांडणाऱ्याच्या हातात राहत नाही. नदी कुणी वळवली, हा प्रश्न मागे पडला. सीमेपलीकडे मेक्सिकोत त्याच वंशाचे पिमा डोंगरात शेती करून राहतात. २००६च्या पाहणीत त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण सुमारे सात टक्के निघालं, अॅरिझोनात अडतीस टक्के. रक्त एकच, नदी वेगळी.

पण पिमांकडून आपल्या विषयाला जे मिळालं ते आणखी मोलाचं आहे. १९८८मध्ये पेटिट आणि सहकाऱ्यांनी वीस ते चोवीस वयाच्या तरुणांचे तीन गट पाहिले. ज्यांच्या आईला गरोदरपणातच मधुमेह होता, त्यांच्यातल्या पंचेचाळीस टक्क्यांना एवढ्या कोवळ्या वयात मधुमेह झालेला होता. ज्यांच्या आईला तो नंतर झाला, त्यांच्यात साधारण साडेआठ टक्के. ज्यांच्या आईला झालाच नाही, त्यांच्यात दीड टक्क्याच्या आत. पहिल्या दोन्ही गटांतल्या आया शेवटी मधुमेहीच. मग एवढा फरक कुठून आला?

शंका राहतेच. ज्यांना लवकर मधुमेह झाला, त्या आयांची जनुकं अधिक जोखमीची असतील. या शंकेचं उत्तर २०००मध्ये डाना डाबेलिया आणि सहकाऱ्यांनी शोधलं, आणि मला ते या सगळ्या इतिहासातलं सर्वात देखणं काम वाटतं. त्यांनी सख्खी भावंडं घेतली. आईबाप तेच. एक मूल आईला मधुमेह होण्याआधी जन्मलेलं, दुसरं त्यानंतर. नंतरच्या मुलांना मधुमेह होण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त निघालं. मग बापाचं तपासलं. बापाला मधुमेह होण्याआधीचं मूल आणि नंतरचं मूल यांत तसा फरक दिसला नाही.

म्हणजे गर्भातली साखर स्वतःच पुढे वारसा म्हणून जाते. जनुकांत एका अक्षराचाही बदल न होता जाते. ज्या मुलीला आईच्या पोटात ती मिळाली, ती मोठी होते, गरोदर राहते, तिची साखर वाढते आणि ती तिच्या मुलीला देते. बाहेरून बघणारा म्हणतो, बघा, घराण्यातच आहे. खरं आहे, घराण्यात आहे. पण बीजात आहे का? बीज आणि क्षेत्र ही आपली जुनी वाटणी इथे कोसळते, कारण या पिढीचं क्षेत्र पुढच्या पिढीचं बीज झाल्यासारखं वागतं. यात आशाही आहे. बीज बदलता येत नाही, पण नऊ महिन्यांची साखर आटोक्यात ठेवता येते.

पुण्याची सडपातळ-लठ्ठ बाळं

तुम्ही म्हणाल, पिमा लोक स्थूल, आपल्या गरोदर बायका तर पुष्कळदा काटकुळ्या. याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. शेतात राबणाऱ्या, डोक्यावर पाणी वाहणाऱ्या बायका. त्यांच्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. त्याच पद्धतीने मोजलेली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपलं बाळ लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. दिसायला सडपातळ, आतून लठ्ठ.

एक प्रसिद्ध फोटो आहे. याज्ञिक आणि लंडनचे त्यांचे सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. स्वतःच्या शरीराचा असा दाखला देणारा शास्त्रज्ञ मला आवडतो.

हे जनुकांमुळे की पिढ्यान्पिढ्यांच्या उपाशीपणामुळे? ब्रिटनच्या हेल्स आणि बार्कर यांनी १९९२मध्ये म्हटलं होतं की गर्भातली टंचाई शरीराला काटकसरीची सवय लावते, त्यासाठी काटकसरी जनुकाची गरज नाही. पुण्याच्या कामाने या विचाराला मोठं बळ दिलं. पण याच गटाने जनुकांकडे पाठही फिरवली नाही, हे लक्षात ठेवा.

जनुकं काय म्हणाली?

शेवटी जनुकांकडे येतो. इथे तपशील थोडे अवघड आहेत, सांभाळून घ्या.

पहिलं जनुक ग्लुकोकायनेजचं. रक्तात साखर किती आहे, हे स्वादुपिंडाला कळवणारा हा काटा. काही थोड्या घराण्यांत तो काटा जरा वर लावलेला असतो, म्हणून साखर जन्मभर किंचित चढी राहते. १९९२मध्ये फ्रान्समधल्या घराण्यांत फ्रोगेल आणि सहकाऱ्यांनी याचा माग काढला. १९९८मध्ये इंग्लंडमधल्या एक्झिटरच्या अँड्र्यू हॅटर्सली यांनी एक सुंदर गोष्ट दाखवली. आईत हा बदल आहे आणि बाळात नाही, तर बाळ साधारण अर्ध्या किलोहून अधिक वजनदार. बाळात आहे, बापाकडून आलेला, आणि आईत नाही, तर बाळ अर्धा किलो हलकं. आणि दोघांतही असेल, तर वजन नेहमीसारखं! एकच जनुक, तीन निकाल. आता सांगा, दोष बीजाचा की क्षेत्राचा? प्रश्नच चुकीचा ठरतो. दोघांचं जुळतं की नाही, एवढंच विचारता येतं.

पण असं एका जनुकाचं घराणं विरळा. बाकीच्या बहुसंख्य स्त्रियांचं काय? २००६मध्ये आइसलँडमध्ये टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकाचा शोध लागला. त्याचं एक रूप मधुमेहाचा धोका दर प्रतीमागे सुमारे दीडपट करतं. पुढच्याच वर्षी हैदराबादचे गिरिराज चांडक आणि पुण्याचे याज्ञिक यांनी भारतीयांतही तेच दाखवलं. २०१२मध्ये कोरियातल्या स्त्रियांचा संपूर्ण जनुकसंच चाळला गेला. तिथे सीडीकेएएल१ आणि एमटीएनआर१बी ही दोन नावं वर आली. यातलं दुसरं मेलॅटोनिनशी, म्हणजे रात्री स्रवणाऱ्या संप्रेरकाशी, संबंधित. २०२२मध्ये अनेक देशांतल्या साडेतीन लाख स्त्रियांची माहिती एकत्र केल्यावर पाच ठिकाणं पक्की झाली. २०२४मध्ये फिनलंडच्या अभ्यासात ती तेरावर गेली. तिथे असंही दिसलं की काही जनुकं नेहमीच्या मधुमेहाशी सामाईक आहेत, तर काही मुख्यतः गरोदरपणातच बोलतात.

या यादीतून निघतं काय? सामाईक जनुकांपैकी बरीचशी स्वादुपिंडाच्या इन्शुलिन तयार करण्याच्या ताकदीशी संबंधित आहेत. म्हणजे इंजिनची गोष्ट खरी ठरली. दुसरं, प्रत्येकाचा वाटा लहान आहे. उदाहरणादाखल धरा, की शंभर जणींत दहांना हा त्रास होतो, आणि एखादं जनुकरूप असलेल्या शंभर जणींत चौदांना. मग त्या चौदांपैकी जनुकामुळे झालेल्या चार कोणत्या, हे सांगता येईल? नाही. कोणालाही, कधीच नाही. शंभर जणींबद्दलचं विधान एकीच्या कपाळावर लिहिता येत नाही. शिवाय शहाऐंशी जणी तेच रूप घेऊन घाट चढून जातात. मेंडेलचा वाटाणा इथे नाही. इथे लहानमोठे उतार आहेत, अनेक, आणि वर हवामान वेगळं.

आणखी एक. आईची साखर ज्या वारेमुळे चढते, ती वार बाळाची असते. तिच्यातली अर्धी जनुकं बापाकडची. माझी आई म्हणाली, माहेरचं रक्त. पण घाट ज्याने उभा केला, त्यात अर्धा मीही होतो. हे मला १९७७मध्ये माहीत नव्हतं. मात्र 'कुणामुळे' हा प्रश्न थांबवण्यासाठी ते माहीत असण्याची गरजही नव्हती.

मुलीचा प्रश्न

आमची मुलगी १९८०ची. २००९मध्ये तिला दिवस गेले, चोविसाव्या आठवड्यात तपासणीत साखर जास्त निघाली. रात्री तिचा फोन आला. "बाबा, माझ्या वेळी आईची साखर किती होती?" मी कपाट उघडलं. जन्माचा दाखला होता, लशींचं कार्ड होतं. साखरेचा आकडा नव्हता. भावंडांच्या त्या अभ्यासात जो प्रश्न विचारला होता तोच तिने विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात तिची सासू फोनवर आली. मला वाटलं, आता तेच पुन्हा. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्याकडेही आहे हो साखर, माझीच आहे. मी तिच्यासोबत चालायला जाते रोज." मला आजवर भेटलेल्या तत्त्वज्ञांत त्यांचा नंबर वरचा आहे. नात झाली, तीन किलोची. बाळंतपणानंतर मुलीची साखर उतरली. ती दर वर्षी तपासते, आणि नातीच्या फायलीत तो आकडा लिहून ठेवला आहे.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी आपल्या देशाला जमेल अशी तपासणी रुजवली. उपाशीपोटी येण्याची अट नाही, पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, दोन तासांनी एकच रक्त, १४० किंवा अधिक आलं तर उपचार. लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशी या म्हणणं सोपं नाही, हे ज्याला कळलं त्याने ही तपासणी केली. २०१४मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत ती आली. उपचारांचा फायदाही सिद्ध आहे. २००५च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत बाळांमधली गंभीर गुंतागुंत चार टक्क्यांवरून एक टक्क्यावर आली. आणि ज्यांना हा त्रास होऊन गेला आणि ज्यांची साखर पुढे काठावर आली, त्यांनी आहार-व्यायाम सांभाळला तर पुढच्या मधुमेहाचा धोका जवळपास निम्म्याने घटतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे.

मग जनुकांची माहिती कशासाठी? माझं मत सांगतो, डॉक्टरांचं नव्हे. 'तुमच्या घरी कुणाला मधुमेह आहे का?' हा प्रश्न डॉक्टर विचारतात, तो काळजी कुठे जास्त घ्यायची हे ठरवण्यासाठी. तोच प्रश्न लग्नाच्या बैठकीत विचारला, की त्याचा आरोप होतो. मग मुली उत्तर लपवतात. सासरच्यांसमोर लपवलेलं उत्तर डॉक्टरांसमोरही लपतं, कारण सासू शेजारच्याच खुर्चीवर बसलेली असते. अशा लपवण्याने किती बाळं गेली, त्याची नोंद कुठेच नसणार. जनुकशास्त्राने जे शिकवलं ते या एका खुर्चीपर्यंत पोचलं, तरी खूप झालं.

माझं बोलणं इथे थांबवतो.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न (एक श्रोत्या) : सर, माझ्या दोन्ही बाळंतपणांत साखर वाढली होती. मुलीला आत्ताच सांगावं का? ती पंधरा वर्षांची आहे. उगाच घाबरेल.*

सांगा. पण कसं सांगता यावर सगळं आहे. 'तुलाही होणार' असं नको. 'माझी वाढली होती, म्हणून तू वेळेवर तपासून घे' असं सांगा. आणि तुमचे आकडे लिहून द्या. मला माझ्या मुलीला ते देता आले नाहीत.

*प्रश्न : मग तुमच्या मते आनुवंशिकता हे कारण नाहीच का?*

आहे. कारणांपैकी एक आहे. आपल्या नैयायिकांनी घड्याला माती, तिचा संयोग, कुंभार, चाक, दांडा इतकी कारणं सांगितली. घडा फुटल्यावर एकट्या मातीला शिव्या देऊ नयेत, एवढंच माझं म्हणणं.